मुळासकट काढून देतो म्हणाले

"अहो, मानेला हे काय चिकटलंय?" असं म्हणत बायकोने नखाने खरवडायला सुरुवात केली, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की कॉलरच्या वर, उजव्या कानामागे काहीतरी आहे. तिला तो वाळलेला चिखल वाटला होता. गडद तपकिरी, खरखरीत, कडेने किंचित उचललेला डाग. चिमूटभर मेण बोटाने दाबून बसवावं तसा. निघेना. नखाखाली थोडा भुसा आला, इतकंच.

त्या खरवडण्यातच अर्धं निदान होतं, हे समजायला मला दोन महिने लागले.

डॉक्टरकडे जायला हवं होतं. गेलो एका स्किन सेंटरमध्ये, कारण तिथे टाके नव्हते, सुट्टी घ्यायला नको होती आणि तपासणी फुकट होती. (फुकट तपासणीचे पैसे कुठून वसूल होतात, हे बावन्न वर्षांच्या माणसाला कोणी सांगावं लागू नये.) पांढरा कोट घातलेल्या बाईंनी मानेवर छोटा कॅमेरा टेकवला आणि माझा डाग समोरच्या पडद्यावर ताटाएवढा झाला. खड्डे, भेगा, काळे ठिपके. एवढं मोठं करून दाखवलं तर स्वतःचं नाकसुद्धा भयानक दिसेल, पण हे तेव्हा सुचत नाही. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सर, आधी का नाही आलात?"

त्या एका वाक्यावर मी विकला गेलो. पुढे शर्ट काढायला लावून मोजणी झाली. मानेवरचा एक. पाठीवर तसेच चार. गळ्याभोवती देठाला लोंबणाऱ्या मऊ चामखिळी अकरा. छातीवरचे बारीक लाल ठिपके सात, ही म्हणे रक्तातली घाण. एकूण तेवीस, आणि दर नगावर. "मुळं खोल गेलीत, पसरतात, घरच्यांनाही लागतात. आम्ही मुळासकट काढतो." पगाराचा मोठा तुकडा आगाऊ भरला. पावतीवर 'ब्युटी पॅकेज' लिहिलं होतं. उपचार हा शब्द कुठेही नव्हता, आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तेव्हा हीच पावती माझ्या अंगावर आली.

मानेवरच्या डागावर आणि तीन चामखिळींवर बिनलेबलच्या बाटलीतलं काहीतरी टूथपिकने लावलं. आग आग झाली. चौथ्या दिवशी काळी खपली, खाली पू, सकाळी उशी मानेला चिकटलेली. फोन केला तर उत्तर तयार होतं: "विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे."

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी जखम बघून एकच प्रश्न विचारला, "काढलेला भाग तपासायला पाठवला होता का?" पाठवणार काय, तो जळून गेला होता. शंका असेल तर बायोप्सी करतात, पण त्याला तुकडा शिल्लक लागतो. मला तोपर्यंत वाटत होतं की पैसे गेले आणि कातडी भाजली. तिसरंही काहीतरी गेलं होतं.

नशिबाने पाठीवरचे चार डाग पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवले होते. डॉक्टरांनी त्यांवर डर्मोस्कोप, म्हणजे कातडी बघायचं दिव्याचं भिंग, धरला आणि सांगितलं, सेबोऱ्हिक केराटोसिस. चाळिशी-पन्नाशीनंतर कित्येकांना येतात. वाढ कातडीच्या अगदी वरच्या थरात असते, म्हणून चिकटवल्यासारखी दिसते. त्यातले ठिपके म्हणजे अडकलेलं केराटिन, ज्यापासून नखं बनतात तेच. मुळं नसतातच. संसर्गही नाही. लाल ठिपके म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचे पुंजके, वयाबरोबर वाढणारे. रक्त बिघडण्याशी त्यांचा संबंध नाही. लागण होते ती विषाणूमुळे येणाऱ्या मसांची, लोंबणाऱ्या चामखिळींची नाही. मात्र चामखिळी इतक्या आणि पोट हे असं, म्हणून त्यांनी रक्तातली साखर तपासायला लावली. सेंटरमध्ये एक एक चामखीळ मोजली होती, पण हे कोणी विचारलं नव्हतं. साखर सीमेवर निघाली.

नडगीवरची जुनी टणक गाठ मी स्वतःहून दाखवली. त्यांनी ती दोन बोटांत चिमटली, मध्ये खळी पडली. डर्मॅटोफायब्रोमा, कातडीतली निरुपद्रवी गाठ, सोडून द्या. दंडावरची मऊ गाठ बोटाखाली सरकते, ती चरबीची. एवढं दहा मिनिटांत झालं.

मग घाबरायचं ते कोणत्या डागाला? रंग एकाच डागात दोन-तीन, कडा वेड्यावाकड्या, दोन अर्ध्या बाजू न जुळणाऱ्या, आकार ६ मिलिमीटरच्या वर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बदल: गेल्या काही महिन्यांत वाढला, रक्त आलं, जखम भरेना. तळपाय, तळहात आणि नखाखालची काळी रेघ सावळ्या माणसांनी मुद्दाम बघावी, कारण आपल्यात मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा घातक कर्करोग, तिथे लपतो. आणि पन्नाशीतला खरखरीत डाग निरुपद्रवीच असणार असं घरच्या घरी ठरवू नका. मेलॅनोमा कधी कधी त्याच वेशात येतो. घरी लावायच्या थेंबांबद्दल तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्पष्टच सांगितलंय की तीळ किंवा लोंबणारी चामखीळ काढायचं मान्यता असलेलं एकही औषध दुकानात मिळत नाही. मी हे सगळं आधी वाचू शकलो असतो. वाचलं नाही, कारण तो पडदा डोळ्यांसमोर होता.

मानेचं काय होतं, हे मात्र डॉक्टर छातीठोक सांगेनात. "जुना फोटो आहे का?" त्यांनी विचारलं. मी आणि बायकोने फोन चाळले. चार वर्षांपूर्वीच्या सहलीत मी पाठमोरा उभा होतो, तिने गंमत म्हणून काढलेला फोटो. दोन बोटांनी मोठा केला. कॉलरच्या वर तोच डाग, तेवढाच, तसाच तपकिरी. डॉक्टरांनी फोटो शांतपणे बघितला, पाठीवरच्या डागांशी ताडून पाहिला आणि म्हणाल्या, "बहुतेक हाही तोच. पण दर तीन महिन्यांनी व्रण दाखवायला या."

परवा तिसरी फेरी झाली. व्रण नाण्याएवढा, पांढरट आणि ताणलेला आहे, कॉलर घासली की चुरचुरतो. सेंटरमधून अजून मेसेज येतात, उरलेल्या एकोणीस नगांची बैठक बाकी आहे म्हणून.