फांद्यांना कुसू काढणारा कटर : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरमध्ये ड्रिलला लावायचा १ इंची कुसू-कटर, म्हणजे फांदीचे टोक दुसऱ्या लाकडातल्या भोकात बसेल असे गोल तासणारे (ते टोक म्हणजे कुसू) हत्यार, मी विकत घेतला. आता चवथ (गणेश चतुर्थी) उलटून गेली असून, या काळात त्याच्या जोरावर दोन बाक, एक शिडी आणि माटोळीची (गणपतीच्या वर फळे-फुले टांगायची) चौकट तयार झाली आहे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या आवारात छाटलेल्या अकेशियाच्या आणि फणसाच्या फांद्या दरवर्षी चुलीत जात असत. त्यांचे काहीतरी करावे, हा मूळ हेतू होता.

कटरमधले पाते पेन्सिलीच्या शार्पनरसारखे फिरत फांदीचे टोक तासते, गोल कुसू काढते आणि त्याच्या मुळाशी उतरता खांदा सोडते, त्यामुळे फांदी थोडी वाकडी असली तरी सांधा बेढब दिसत नाही. पूर्वी हेच काम मी होल सॉने (गोल भोक कापणाऱ्या नळीसारख्या करवतीने) करून पाहिले होते. मात्र होल सॉवरचे माप भोकाचे असते आणि आत उरणारे कुसू त्याहून बारीक निघते. शिवाय सॉला जागेवर धरणारा मधला पायलट ड्रिल ठेवला तर कुसवाच्या गाभ्यातच भोक पडते आणि काढला तर सॉ लाकडावर भटकतो.

पहिली चूक मापाची झाली. १ इंच म्हणजे २५.४ मिमी, आणि माझ्याकडचा भोक पाडायचा बिट होता २५ मिमीचा. ०.४ मिमीने काय बिघडणार, असे म्हणून मी बाकाचा पाय ठोकून बसवला आणि बैठकीची फळी भोकापासून टोकापर्यंत चिरली. त्यानंतर १ इंची फ्लॅट बिट आणला. कटर घेणाऱ्याने त्याच्या मापाचा बिट त्याच दिवशी घ्यावा.

ड्रिल १३ मिमी चकचा (बिट धरणाऱ्या जबड्याचा), कमी वेगावर जोर धरणारा आणि बाजूला मूठ असलेला हवा. अकेशियाच्या एका गाठीत पाते अडकले तेव्हा माझ्या ड्रिलला ती मूठ लावलेली नव्हती. यंत्राबरोबर मनगटही फिरले आणि पुढचे दोन दिवस मला तांब्या उचलता येत नव्हता.

खरी कसोटी ओलाव्याची आहे. शिडीच्या पायऱ्यांची कुसवे मी डिसेंबरात नुकत्याच तोडलेल्या फांद्यांवर काढली, आणि मार्चपर्यंत त्या पायऱ्या हाताने गोल फिरू लागल्या. जुलैच्या दमट हवेत तीच शिडी पुन्हा गच्च झाली, पण त्या गच्चपणावर पाय ठेवण्याचे धाडस मी केले नाही. आता कुसू काढायची फांदी चुलीवरच्या माळ्यावर ठेवतो, दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो आणि वजन उतरायचे थांबले की मगच कटर लावतो. ज्या लाकडात भोक पाडायचे ते किंचित ओले असले तर चालते, किंबहुना बरेच. ते सुकताना आवळते आणि कोरडे कुसू घट्ट धरते.

जाड ओंडक्यांसाठी मात्र हा कटर मी सुचवणार नाही. तोंडात न मावणारे टोक आधी कोयत्याने किंवा वाकसाने उतरते करावे लागते, आणि तेवढ्या वेळात आमचे मेस्त (सुतार) करवत-पटाशीने चौकोनी कुसू काढून मोकळे होतात, जे सांध्यात फिरतही नाही. माटोळीची चौकट पाहायला ते आले तेव्हा असोले नारळ आणि सुपारीचे घोस टांगायचे बाकी होते. त्यांनी एक दांडा हाताने पिळून पाहिला, काही न बोलता प्रत्येक सांध्यात आडवे भोक पाडले आणि बांबूची खुंटी ठोकली.

पावसात पाते दोन दिवसांत गंजते. खोबरेल तेलाचा हात फिरवून ते डब्यात ठेवावे लागते. गणपती विसर्जनानंतर खुंट्या काढून चौकट सोडवली, तेव्हा सगळे दांडे सुटले, एक तेवढे कुसू निघाले नाही. ते दोन दांडे तसेच काटकोनात माळ्यावर ठेवले आहेत.