डाएटचा डबा लावला आन रंकाळ्यावर गरगरलं

कोल्हापुरात राजारामपुरीत डाएटचा डबा लावलेला, दिवसाला ८०० कॅलरी, मीठ जवळजवळ नाहीच. कोशिंबीर एक नंबर, दाणकूट ताजं, खोटं कशाला बोलू. पण पाचव्या दिवशी रंकाळा तलावावर बाकावरनं उठलो आन डोळ्यापुढं अंधारी, शेजारच्या आजोबांनी दंड धरला म्हणून वाचलो. डबेवाल्या मॅडमना फोन केला तर म्हणे बॉडी डिटॉक्स होतीय, घ्या! डॉक्टरांनी झोपवून आन उभं करून बीपी बघितलं, उठल्यावर बीपीचा वरचा आकडा २० नं पडत होता, खाणं कमी पाणी कमी मीठ कमी मग दुसरं काय होणार म्हणाले. आता १५०० कॅलरी, मीठ घातलेलं ताक, आन उठताना आधी जरा बसायचं. ३ किलो उतरले खरे, पण त्यात बरंच पाणीच. पांढरा रस्सा बंद केलेला त्याचा राग वेगळाच. दोन स्टार, ते पण कोशिंबिरीला.