दुसऱ्या सहीचा कागद मागणारे भटमाम

धाकट्या बहिणीचे लग्न माघात, गोव्यात झाले. मंडपवाल्याचे आणि जेवणातल्या मणगण्याचे (आमच्याकडची खीर) कौतुक सगळ्यांनी केले. भटजींबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला, तेही येईल.

आमच्याकडे भटजींना भटमाम म्हणतात. या भटमामांचे नाव देत नाही, त्यांनीच नको म्हटले. तुळशीचे लग्न झाले की त्यांच्याकडे तशीही तारीख नसते.

खरे तर आम्ही आधी दुसरीकडे फसलो होतो. मंडप, फोटो, भटजी आणि नोंदणी, सगळे एकत्र करून देणारी एक मंडळी होती. त्यांचा माणूस घरी येऊन म्हणाला, ‘लग्न होऊन जाऊ दे, सर्टिफिकेट नंतर आम्ही आणून देतो.’ बाबांनी पाच हजार आगाऊ दिले. कुडाळच्या आत्यालाही यात काही वावगे वाटले नाही, कारण तिच्याकडे, महाराष्ट्रात, आधी अक्षता पडतात आणि मग नोंदणी होते. गोव्यात हे उलटे आहे, हे त्या माणसाला माहीत नसावे किंवा माहीत असून चालवून घ्यायचे असावे. पाच हजार अजून परत आलेले नाहीत.

भटमामांकडे गेलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. पत्रिका पुढे केल्या, तर त्यांनी त्या बाजूला ठेवल्या आणि विचारले, ‘पहिली सही झाली?’ नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘मग आज गुण जुळवून काय करू? जन्मदाखले आणा.’ तारीख राखून ठेवायला तयार झाले, पण एका अटीवर. ती अट त्यांनी कोकणीतच सांगितली: ‘दुसरी सही जाल्याबगर हांव माटवांत बसचो ना.’ म्हणजे दुसरी सही झाल्याशिवाय मी मांडवात बसणार नाही.

बाहेरून येणाऱ्यांसाठी सांगते. गोव्यात लग्नाला अजून पोर्तुगीज कायदाच लागू आहे. नागरी संहिता १८६७ची आणि लग्नाला दिवाणी करार ठरवणारा कायदा १९१०चा. सिव्हिल रजिस्ट्रारपुढे आधी दोघांनी लग्नाचा इरादा जाहीर करायचा, ती पहिली सही. मग कार्यालयात नोटीस लागते आणि कोणाची हरकत आहे का ते पाहिले जाते. पंधरा दिवस गेल्यावर, पण पहिल्या सहीपासून नव्वद दिवसांच्या आत, साक्षीदार घेऊन दुसरी सही करायची. कायद्याने लग्न लागते ते तेव्हा. होम, सप्तपदी, अक्षता हे सगळे आपल्या समाधानाचे. भटमामांच्या शब्दांत, ‘पोर्तुगीज एकसष्टला गेले, सही ठेवून गेले.’

त्यांचा हा हट्ट उगाच नाही. पहिली सही झाली म्हणजे लग्नच झाले, असे समजणारी घरे अजून आहेत. दुसरी सही राहून जाते, पुढे मुलगा फिरतो आणि मुलीच्या हातात कायद्याचे काहीच नसते. त्यांनी स्वतः लावलेल्या एका लग्नाचे असे झाले होते. ‘मी आशीर्वाद दिला आणि कागद बघितला नाही,’ एवढेच म्हणाले.

जन्मदाखल्यात आमची गोची निघाली. बहिणीच्या दाखल्यावर आडनाव इंग्रजीत ‘आय’ने, शाळेच्या दाखल्यावर ‘वाय’ने. एवढी वर्षे आमच्या घरात कोणाच्या लक्षात आले नव्हते. भटमामांनी चष्मा कपाळावर चढवून दोन मिनिटांत पकडले. दुरुस्तीत तीन आठवडे गेले. तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला आणखी एक झेरॉक्स कमी. हे आम्हाला पहिल्या सहीच्या खिडकीवर कळले असते, तर माघाचा मुहूर्त गेलाच होता.

आणखी एक विषय त्यांनीच काढला, आणि माझ्या मते इथेच त्यांनी दक्षिणेपेक्षा जास्त काम केले. गोव्यात लग्न झाले की, वेगळे काही लिहिले नसेल तर, दोघांची मालमत्ता एकत्र होते. वेगळे लिहायचे तर करार लग्नाआधी नोंदवायचा. नंतर बदलता येत नाही. आमच्याकडे आजोबांचे कुळागर (पोफळीची बाग), भावजींकडे भाटातले, म्हणजे माडांच्या बागेतले घर. काकांनी लगेच भुवया चढवल्या. भटमाम म्हणाले, ‘मी सल्ला देत नाही, वकिलाला विचारा. पण सहीनंतर विचारू नका.’ वकिलाकडे गेलो. बहीण आणि तिचा नवरा, दोघांनीही करार नको म्हटले. आता पुढे बहिणीच्या वाट्याचा कुळागराचा तुकडा विकायचा झाला तर भावजींचीही सही लागणार, हे बाबांना पचायला एक संध्याकाळ लागली. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावर कोणाकोणाचे नाव येईल, हे ते मला तीनदा विचारून गेले.

दुसऱ्या सहीच्या दिवशी साक्षीदार म्हणून मी आणि भावजींचा मावसभाऊ. पंख्याखाली दहा मिनिटांचे काम. बाहेर येऊन चहा प्यायलो आणि बहीण म्हणाली, ‘म्हणजे झालं?’ कागदाचा फोटो भटमामांना पाठवला, तेव्हा कुठे त्यांनी पत्रिका छापायला मुहूर्त दिला.

आता तक्रारी. सकाळी अकरापर्यंत त्यांचा फोन बंद असतो, कारण पूजा. उत्तर येते ते रात्री साडेदहाला, चार मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये, मागे कुत्रा भुंकत. सामानाची यादी हाताने लिहिलेली, आणि अक्षर असे की बाबांनी ‘पंचपल्लव’ (पाच झाडांची पाने) हे ‘पंचपात्र’ वाचले. घरात दोन पंचपात्रे असताना तिसरे आले, आणि आंब्याच्या डहाळ्या आयत्या वेळी शेजाऱ्यांच्या झाडावरून काढाव्या लागल्या.

तारा कापला तो सप्तपदीसाठी. लग्न फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या सभागृहात होते. पुण्याहवाचन त्यांनी सावकाश, अर्थ सांगत केले. मंगलाष्टके नाट्यपदाच्या चालीवर म्हटली, मागच्या रांगेतल्या आजोबांनी तिथून दाद दिली. पण संध्याकाळी त्यांचे दुसरीकडे कार्य होते आणि सात पावले अशी उरकली की फोटोवाल्याला पाचच मिळाली. ज्यासाठी एवढा खटाटोप, तिथेच घाई.

लाजाहोमाला मात्र मजा आली. आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. लाह्या चुलतभाऊ घालेल असे ठरले होते आणि तो गाडी लावायला जागा शोधत खालच्या रस्त्यावर. भटमामांनी एकदा दाराकडे बघितले, एकदा होमाकडे, आणि मला म्हणाले, ‘तूच घाल गे, अग्नी गाडीसाठी थांबत नाही.’ आत्या काहीतरी पुटपुटली. मी लाह्या घातल्या आणि भावजींचा कानही पिळला, जरा जोरातच. चुलतभाऊ आला तेव्हा आम्ही सोफ्यावर बसलो होतो. तो अजून रुसलेला आहे.

दक्षिणा दोघा भटजींची मिळून पंधरा हजार, देवकाच्या दिवसासकट. गाडीभाडे वेगळे. शिधा पिशवीत बांधून द्यायचा, आणि नारळ सोललेले द्यायचे, हे ते स्पष्ट सांगतात. घासाघीस केली नाही. पूर्वीच्या मंडळींकडे बुडालेले पाच हजार धरले तर आम्हाला ते महागच पडले, पण त्यात त्यांचा दोष नाही.

पुढच्या वर्षी त्याच चुलतभावाचे लग्न आहे. त्याला भटमामांचा नंबर दिला. तारीख अजून मिळालेली नाही. जन्मदाखल्यावर काकूचे माहेरचे नाव पडले आहे.