धर्माच्या रकान्यात काय लिहायचं: सारं एकच की वेगवेगळं?

परवा एका मित्राचा फोन आला. तो कुणबी, बायको जैन, पोरगा यंदा पहिलीत जाणार आणि शाळेच्या फॉर्ममध्ये धर्माचा रकाना. म्हणे, "भाऊ, तू यातून गेला आहेस, सांग ना, हिंदू लिहू का जैन? आई म्हणते सारं एकच तर आहे, कायले डोकं लावून राहिला." तासभर बोललो तरी माझं सांगून झालं नाही म्हणून आता नीट लिहून काढतोय, त्याच्यासारखे अजून बरेच असतील नागपुरात. हिंदू, जैन, बौद्ध, शीख या चौघांत कोणाचे संस्थापक कोण, ग्रंथ कोणते, हे सगळ्यांना माहीत आहे असं धरून चालतो.

माझं सांगायचं तर मी नागपूरच्या महाल भागातला, घरी गणपती, महालक्ष्म्या, पितृपक्ष सगळं रीतसर. बायको इंदोऱ्याची, बौद्ध घरातली, तिचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. लग्न ठरलं तेव्हा मी पक्का 'एकच' वाला होतो. बुद्ध आपलाच, महावीर आपलेच, नानक आपलेच, आणि हे मी मनापासून म्हणायचो, त्यात कोणाला कमी लेखायचं असं अजिबात नव्हतं.

लग्नाच्या वेळी कायद्यानेही माझ्याच बाजूने कौल दिला असं वाटलं. विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस लागते, ती टाळायची होती, वकील म्हणाले हिंदू विवाह कायद्यातच करा, १९५५ चा तो कायदा बौद्ध, जैन, शीख सगळ्यांना लागू आहे आणि विधी दोघांपैकी कोणत्याही एकाच्या घरचा चालतो. मग त्रिशरण पंचशील घेऊन लग्न झालं आणि नोंदणी हिंदू विवाह कायद्याखाली. बायको त्या दिवशी काही बोलली नाही, पण सर्टिफिकेटकडे बराच वेळ पाहत होती हे मला आठवतं.

सोयीचं म्हणाल तर 'एकच' ही बाजू खरंच सोयीची आहे. वारसा, दत्तक, पालकत्व हे कायदे चौघांना सारखेच, त्यामुळे रकान्यात काहीही लिहिलं तरी पोराच्या प्रॉपर्टीचं काही बिघडत नाही. पण तेच सरकार दुसऱ्या टेबलावर वेगळं मोजतं. १९९२ च्या अल्पसंख्याक आयोगाच्या कायद्याखाली १९९३ मध्ये पाच समाज जाहीर झाले त्यात बौद्ध आणि शीख होते, जैन २०१४ मध्ये आले. जनगणनेत तर चौघांचे आकडे वेगवेगळेच येतात, २०११ मध्ये देशात बौद्ध ८४ लाखांच्या वर होते आणि त्यातले ६५ लाख आपल्या महाराष्ट्रात. आणि ते घटनेचं कलम २५, ज्याचा दाखला सगळे देतात की बघा शीख, जैन, बौद्ध हिंदूंमध्येच धरलेत, ते मी एकदा बसून वाचलं. ते धरणं आहे हिंदूंच्या सार्वजनिक धर्मसंस्था सगळ्या वर्गांना खुल्या करण्यापुरतं. त्याच्याच वरच्या ओळीत कृपाण बाळगणं हा शीख धर्म पाळण्याचा भाग आहे असं लिहिलंय, म्हणजे शीख धर्म असं वेगळं नाव घेऊनच. तेव्हा कायद्यावरून ठरवायला गेलात तर दोन्ही बाजूंना पुरेल एवढं सापडेल, माझं तरी त्यावरून ठरलं नाही.

माझं ठरलं ते शाळेच्या ऑफिसात.

पोरीच्या ॲडमिशनच्या वेळी आम्ही दोघांनी बसून ठरवलं की धर्म बौद्ध लिहायचा. कारण माझ्या घरचे सण तिला आपोआप मिळणारच होते, आजी आहे, काका आहेत, गल्ली आहे, पण आईकडचं लिहून ठेवलं नाही तर ते हळूहळू पुसलं जाईल असं मला वाटलं. सवलतीचा विषयच नव्हता, जात साधारणपणे बापाचीच धरतात. मी माझ्या अक्षरात स्वच्छ 'बौद्ध' लिहिलं. काही महिन्यांनी कुठल्याशा परीक्षेसाठी बोनाफाईड काढलं तर त्यावर 'हिंदू'. ऑफिसात गेलो. बाबू चांगला माणूस, खुर्ची दिली, म्हणाला, "सर, वडिलांचं नाव पाहून लिहिलं जी, तसंही एकच तर आहे ना." म्हटलं ठीक आहे, एकच आहे तर बौद्ध करून द्या. तर म्हणाला, "तसं नाही होत सर, दाखल-खारीज रजिस्टरवर चढून गेलं आता, धर्म बदलतो ना त्याच्यात. प्रतिज्ञापत्र लागते, अर्ज लागते, वरून मंजुरी आणा लागते."

म्हणजे लिहिताना एकच आणि खोडताना दोन.

वर्षभर फिरलो त्या एका शब्दासाठी. स्टॅम्प पेपर, आईचा दाखला, आमचं लग्नाचं सर्टिफिकेट, ज्यावर हिंदू विवाह कायदा लिहिलेलं आणि ते पाहून परत प्रश्न की मग बौद्ध कसं काय. कोणी वाईट बोललं नाही, कोणी पैसे मागितले नाहीत, पण प्रत्येक टेबलावर तेच वाक्य, एकच तर आहे, कशाला एवढं. आणि फिरता फिरता माझ्या लक्षात आलं की हे वाक्य मी स्वतः इतकी वर्षं जसं बोलत होतो तसंच ते आहे, तेवढ्याच आपुलकीने, आणि ते नेहमी एकाच दिशेने जातं. एकच आहे म्हणून बौद्धाचं हिंदू लिहिलं जातं, एकच आहे म्हणून हिंदूचं बौद्ध लिहिलेलं मी एकदाही पाहिलं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये सत्यनारायण असतो, बायको जाते, प्रसाद घेते, सगळे म्हणतात बघा आपण एकच. बुद्धपौर्णिमेला खालच्या हॉलमध्ये अर्धा तास वंदना ठेवू म्हटलं तर तेच लोक म्हणाले, तो तुमचा कार्यक्रम आहे ना, तुम्ही करा घरी. भांडण नाही झालं काही. पण त्या दिवसापासून 'एकच' हा शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाही.

कोणी म्हणेल की हा तर ऑफिसचा आणि शेजारपाजारचा वैताग, धर्माचं काय त्यात. मलाही आधी तसंच वाटलं. पण मधल्या दोन वर्षांत घरात दोन मृत्यू झाले, माझे बाबा आणि मग सासरे, आणि तिथे फरक इतका समोर आला की तो कागदापुरता आहे असं म्हणायची सोय राहिली नाही.

बाबांचा दहावा आम्ही रामटेकला अंबाळा तलावावर केला. पिंड ठेवला, कावळा शिवेना. ऊन चढलं. काका हात जोडून एकेक इच्छा विचारत होते, शेतीचं काही आहे का, धाकट्याचं काही आहे का, शेवटी मी म्हटलं आईला एकटं ठेवणार नाही, आणि कावळा आला. मी शिकलेला माणूस आहे, पण त्या क्षणी बाबा तिथे आहेत आणि त्यांनी ऐकलं याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, आजही नाही. हा माझा धर्म आहे आणि तो मी सोडलेला नाही.

सासरे गेले तेव्हा मी जावई म्हणून विचारलं की दहाव्याचं काय करायचं. सासूबाई म्हणाल्या, "आपल्यात ते नसते, जावई." दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येच आहे की श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, आणि सासऱ्यांना त्या तोंडपाठ होत्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजी आले, वंदना झाली, भोजनदान दिलं, वस्तीतल्या पोरांना वह्यापुस्तकं वाटली. भंतेजींनी समजावून सांगितलं की एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर ज्योत पुढे जाते पण पहिल्या दिव्यातून उचलून काही वस्तू दुसऱ्यात ठेवलेली नसते. आत्मा म्हणून कोणी भुकेला थांबलेलाच नाही तर पिंड कोणाला द्यायचा. मी ऐकत होतो आणि मला अंबाळ्याचा कावळा आठवत होता. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

मग मी इतरांनाही विचारायला लागलो. त्या मित्राच्या सासऱ्यांना विचारलं, ते इतवारीतले, रोज देरासरला जाणारे. ते म्हणाले आमच्यातही पिंड नाही, कारण जीव देह सोडतो आणि लगेच दुसरीकडे जन्म घेतो, मधे वाट पाहत थांबत नाही. म्हणजे बघा, पिंड जैनही देत नाहीत आणि बौद्धही देत नाहीत, पण कारणं उलटी, एक म्हणतो जीव पुढे निघून गेला, दुसरा म्हणतो तसा जीव नाहीच. कामठी रोडवरच्या शीख शेजाऱ्यांकडे पाठ ठेवला होता, शेवटी अंतिम अरदास, कडाह प्रसाद, जे झालं ते देवाच्या हुकमाने झालं ते मान्य करायचं. एकाच प्रश्नाला चार घरांत चार उत्तरं, आणि प्रश्न लहान नाही, माणूस मेल्यावर काय होतो एवढा मोठा आहे. कर्म, पुनर्जन्म, मुक्ती हे शब्द चौघांचे सारखे असतील, पण कोण मुक्त होतो हे विचारलं की वाटा फुटतात.

आता 'एकच' म्हणणाऱ्यांकडे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. आपले नामदेव, त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत, नांदेडला हजूर साहिबला गेलात तर मराठी माणसाला परकं वाटत नाही. ऋषभदेव भागवतातही आहेत. दिवाळी जैनांचीही, त्यांच्यासाठी तो महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. आणि जरीपटक्यात माझा एक सिंधी मित्र आहे, त्याच्या घरी झुलेलाल आहेत, देवीचा फोटो आहे आणि वरच्या खोलीत गुरु ग्रंथ साहिब. त्याला हिंदू का शीख विचारलं तर तो प्रश्नच त्याला कळत नाही, आणि तो खोटं नाही बोलत, पिढ्यान् पिढ्या ते तसेच जगत आलेत. अशा घरावर कोणी रकाना लादू नये असं मला वाटतं.

बाबांच्या दहाव्याच्या दिवशी परतताना गडाकडे पाहत बसलो होतो. वर रामाचं मंदिर, खाली शांतिनाथांचं जैन मंदिर, आणि जवळच बौद्ध आचार्य नागार्जुनाच्या नावाची टेकडी. लोक म्हणतात बघा, सगळं एकाच जागी, म्हणून सगळं एकच. मला मात्र इथलं जुनं राजघराणं, वाकाटक, आठवतं. त्यांची राणी प्रभावतीगुप्ता रामगिरीच्या, म्हणजे याच रामटेकच्या, देवाची भक्त, आणि त्याच घराण्यातल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव अजिंठ्याला बौद्ध भिक्षूंसाठी लेणं कोरून देतो. त्या लेण्याच्या लेखात त्याने ते बुद्धाचंच आहे असं सरळ लिहिलंय, आपल्या राजाच्या देवाचं म्हणून नाही. वेगळं ते वेगळंच ठेवून दिलं, मला त्यात जास्त मोठेपणा दिसतो.

आणि नागपुरात राहून एक गोष्ट विसरता येत नाही. १९५६ ला इथे लाखो लोकांनी उभं राहून म्हटलं की बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, आम्ही जुना धर्म सोडतो आणि हा घेतो. बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्याला घोषणा केली तिथपासून २१ वर्षं विचार करून घेतलेला निर्णय होता तो. बायकोचे आजोबा त्या दिवसासाठी चालत आले होते. त्यांच्यासमोर मी कोणत्या तोंडाने म्हणू की तुम्ही जिथून निघालात तिथेच आहात? जैनांची आणि शिखांची गोष्ट वेगळी आहे हे मला मान्य आहे, त्यांनी असा कोणता एक दिवस धरून काही सोडलं नाही. पण तुम्ही कोण हे ज्याचं त्याने सांगावं, एवढं तर चौघांनाही लागू व्हायला हरकत नाही असं माझं मत, दुसऱ्याचं वेगळं असू शकतं.

बौद्ध घरातल्यांसाठी एक कामाचं. जुन्या दाखल्यांवर पुष्कळदा 'हिंदू' सापडतं, कारण केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती १९५० च्या आदेशात काही शीख जाती सोडल्या तर फक्त हिंदूंना होत्या, १९५६ ला बाकीच्या शिखांना मिळाल्या आणि बौद्धांना थेट १९९० ला. घरातली मोठी माणसं अजून सांगतात की बौद्ध लिहिलं तर सवलत जाईल. ती भीती त्या काळी खरी होती, आता त्यासाठी हिंदू लिहायची गरज राहिली नाही. शिखांना लग्नाची नोंदणी आनंद विवाह कायद्याखाली करायची सोय २०१२ च्या दुरुस्तीने झाली, तेव्हा शीख जोडीदार असेल तर तिकडेही चौकशी करा. बौद्धांना असा वेगळा विवाह कायदा अजून नाही.

आमच्याकडे आता असं चालतं. गणपती बसतो, बायको मोदक करते, हात जोडत नाही, आईने पहिल्या वर्षी मनाला लावून घेतलं, आता नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही तिघं दीक्षाभूमीवर जातो, मी बाहेर चप्पल सांभाळत उभा राहत नाही, आत जातो, वाकतो. पोरगी दोन्हीकडे वावरते आणि विचारलं की सांगते, मी बौद्ध, बाबा हिंदू. मोठी होईल तेव्हा तिला बदलायचं असेल तर बदलेल.

मित्राला म्हटलं, बायकोला विचार, तिला जैन लिहावंसं वाटत असेल तर जैनच लिही, 'हिंदू-जैन' असं मधलं काही नको, पुढे प्रत्येक टेबलावर कोणीतरी त्यातला एक शब्द गाळतो. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स ठेव. आणि पहिल्या महिन्यातच जाऊन दाखल-खारीज रजिस्टरमध्ये काय चढवलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ये. बाबू जर म्हणाला की एकच तर आहे सर, तर चिडू नको, फक्त म्हण, मग जैनच लिहा ना.