मसाल्याचा ऑनलाइन धंदा आणि माझे ५७,६४९ रुपये

मसाला ऑनलाइन विकून देतो असं सांगून फोनवरच्या एका माणसाने मला फसवलं. आधी आकडेच लिहिते. २४ मार्च २०२५ ला २,४९९ रुपये. २ एप्रिलला ११,८००. ११ एप्रिलला १५,०००. आणि २१ एप्रिलला एकदम २८,३५०. झाले ५७,६४९. लेबलं छापायला गेलेले १,७५० आणि उधारीवर उचललेली मिरची यात धरलेली नाही. सासूबाईंना पूर्ण आकडा मी अजून सांगितलेला नाही.

मी कांदा-लसूण मसाला करते. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची निवडून, गच्चीवर वाळवून, कांडपावर उभं राहून कुटून आणते. पुण्या-मुंबईचे नातेवाईक, त्यांचे शेजारी, त्यांच्या ऑफिसातले लोक, अशी गिऱ्हाइकं वाढत गेली. मुलगी म्हणाली, आई, आता ऑनलाइन विक. मोबाइलवर जाहिरात दिसली, ‘घरगुती पदार्थ देशभर विका, सगळी कागदपत्रं आम्ही करतो’. मी नाव आणि नंबर भरला. दहा मिनिटांत फोन आला.

माणूस चांगलं मराठी बोलत होता. "ताई, तुम्ही फक्त मसाला करा, बाकीचं आमच्यावर सोडा." एका मोठ्या शॉपिंग ॲपचे आपण अधिकृत पार्टनर आहोत, ऑफिस पुण्यात आहे, असं सांगितलं. फूड लायसन्स आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, यांचे मिळून २,४९९. मला वाटलं, एजंट आहे, घेणारच. तेव्हा लहान उत्पादकाच्या फूड नोंदणीची सरकारी फी वर्षाला १०० रुपये होती आणि उद्यम नोंदणी फुकट होते, हे मी नंतर वाचलं. जीएसटी नोंदणीलाही सरकार एक रुपया घेत नाही. कोणी या तिन्हींची ‘सरकारी फी’ म्हणून हजारात रक्कम सांगितली, तर तिथेच फोन ठेवा.

दोन दिवसांत सर्टिफिकेट आलं. चौदा आकडी नंबर, शिक्का, माझं नाव, सगळं बरोबर. तोच नंबर टाकून मी ५०० लेबलं छापून घेतली. खाद्यपदार्थांचे परवाने देणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी संस्थेच्या फॉसकॉस पोर्टलवर कोणताही नंबर टाकून कोणाचा आहे ते पाहता येतं. मी मे महिन्यात पाहिलं. तो नंबर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका बेकरीचा निघाला.

आता जे लिहिते आहे ते लिहिताना हात थरथरतो. लग्नाआधी सहा वर्षं मी एका करसल्लागाराच्या ऑफिसात बिलं उतरवायचं काम केलं आहे. वेबसाइट आणि कॅटलॉगच्या ११,८०० रुपयांचं बिल व्हॉट्सॲपवर आलं, ते मी उघडून वाचलं. वर पत्ता पुण्याचा. त्याखाली जीएसटी नंबर, त्याचे पहिले दोन आकडे ०७. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, ०७ म्हणजे दिल्ली. खाली १०,००० वर आयजीएसटी, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकताना लागतो तो कर, १८ टक्के, १,८०० रुपये. पुण्याची कंपनी महाराष्ट्रातल्याच गिऱ्हाइकाला बिल करते तेव्हा केंद्राचा सीजीएसटी ९ आणि राज्याचा एसजीएसटी ९ असे दोन रकाने लागतात. अशी चुकीची बिलं मी सहा वर्षं बाजूला काढून साहेबांच्या टेबलावर ठेवत होते. हे बिल मी पाहिलं, ०७ वर नजर थांबली, आणि मी पुढे गेले. पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नावही नव्हतं, कुठल्याशा बाईचं नाव होतं. विचारलं तर म्हणाला, "आमच्या अकाउंट्सच्या मॅडम आहेत." मी पिन टाकला.

गच्चीवर चाळीस किलो मिरची वाळत होती, आभाळ आलं होतं, सासूबाई खालून हाका मारत होत्या. हे कारण म्हणून पुरेसं नाही, ते मला कळतं. पण पाडवा नुकताच झाला होता, अक्षय तृतीयेला सुरुवात करायची ठरली होती. आणि तो माणूस माझ्याशी जितक्या मानाने बोलत होता, तितक्या मानाने या धंद्याबद्दल घरातही कोणी बोललं नव्हतं. तेच मला नडलं.

मग १५,००० डिपॉझिट, ‘परत मिळणारं’. परत मिळणार असं ज्या पैशाबद्दल सांगतात, तो गेलाच असं समजा.

२१ एप्रिलला फोन आला की ऑर्डर आली. ३५० किलो, ४५० रुपयांच्या भावाने १,५७,५०० रुपये. वेबसाइटवर माझ्या खात्यात ती रक्कम दिसत होती, शेजारी लाल अक्षरात ‘पेंडिंग’. पैसे सुटायचे तर आधी १८ टक्के जीएसटी भरा, २८,३५०. मसाल्यावर जीएसटी पाच टक्के असतो, अठरा नाही. आणि गिऱ्हाइकाचे पैसे मिळावेत म्हणून विकणाऱ्याने आधी कुणाच्या खात्यावर कर भरायचा, हे कुठल्या कायद्यात आहे? मला हे दोन्ही माहीत होतं. पण ऑर्डर आली या आनंदात मी मिरचीवाल्याकडून उधारीवर आणखी माल उचलून बसले होते. आता मागे कसं फिरायचं, या भीतीने भरले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन बंद. रेंज नसेल म्हणून मी रात्र काढली. ती रात्र काढायला नको होती. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला त्याच मिनिटाला फोन करा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातो, आणि जितका वेळ जाईल तितकं थांबवायला कमी उरतं. लागला नाही तर लावत राहा, तोवर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार टाका. मला सकाळी सात वेळा फिरवल्यावर फोन लागला.

बँकेत गेले. मॅनेजर म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलात ना? मग आम्ही काय करणार?" खातं कोणाचं ते सांगा म्हटलं, तर ते सांगता येत नाही. ते खातं उघडताना कोणत्या बँकेने काय कागद तपासले, हे कोणी विचारायचं?

पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. जिल्ह्याला सायबरला गेले, एसटीने दीड तास. तिथे म्हणाले, रक्कम कमी आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. परत ठाण्यात. तिथे, आयटी ॲक्टचा तपास पीआय साहेबच करतात, साहेब बंदोबस्ताला आहेत, सोमवारी या. सोमवारी म्हणाले, खातं परराज्यातलं आहे, गुन्हा तिकडचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे गुन्हा नोंदवण्या-तपासण्याच्या कायद्याच्या, कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घ्यायची. ते पान छापून नेलं होतं. हवालदारांनी ते न वाचता परत दिलं आणि म्हणाले, "एवढ्या शिकलेल्या बाई, तरी कशा फसता?" पाच फेऱ्या झाल्या आणि हातात काय, तर अर्जाची पोच. चोराला कोणी एक प्रश्न विचारला नाही, सगळे प्रश्न मलाच. तक्रार तोंडी देऊ नका, लेखी अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर तारखेसह शिक्का घ्या. तेवढा एक कागद माझ्या कामी आला.

पैसे गेले त्यातल्या एका खात्यात ६,२१२ रुपये होल्ड झाले आहेत, म्हणजे थांबवून ठेवले आहेत. तेही आपोआप येत नाहीत. मला तेव्हा सांगितलं, त्यासाठी त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलिसांचा अहवाल, मग आदेश. वकिलाने अर्जाचे ३,००० सांगितले. स्वतः अर्ज लिहिला. पोलिसांचा अहवाल अजून गेलेला नाही.

मोठ्या ॲपवर विक्रेता व्हायचं असेल तर त्यांच्याच साइटवर जाऊन स्वतः करा, मुलांना शेजारी बसवा. ‘पार्टनर’ म्हणून फोन करणाऱ्याला कंपनीच्या नावाचं बँक खातं मागा. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाका, लॉगिन न करता नाव आणि पत्ता दिसतो, एक मिनिट लागतं.

गेल्या आठवड्यात नवा फोन आला. आवाज वेगळा, हिंदीत. "मॅडम, आपके ५७,६४९ रिकव्हर हो गये हैं, फाइल चार्ज ४,९९९ भरिये." आकडा तंतोतंत. हा आकडा मी घरातल्या एक-दोघांखेरीज फक्त पोर्टलवर, बँकेत आणि ठाण्यात दिलेला आहे, आणि ज्यांनी लुटलं त्यांना तो ठाऊक आहे. नंबर आणि रेकॉर्डिंग घेऊन ठाण्यात गेले. नवीन अर्ज लिहून द्या म्हणाले.