फिकट आकाशी की निळसर राखाडी?

हॉलच्या रंगावर घरात चर्चा झाली की शेवटी बहुधा हेच दोन उरतात. शेडकार्डावर दोन्ही सारखेच शांत दिसतात, म्हणून निवड कार्ड बघून करू नका. आधी खाली, फरशीकडे बघा.

बऱ्याच नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरने आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल घातलेली असते. तिच्या पिवळटपणाशेजारी राखाडीतली लपलेली झाक उघडी पडते आणि भिंत चक्क जांभळट वाटू लागते. चार भिंती झाल्यावर हे लक्षात आलं तर फार वाईट वाटतं. आकाशीचा निळेपणा मुळातच उघड असतो, त्यामुळे तो अशा टाइलवर खुलतो. कोटा किंवा शहाबादी फरशी असेल तर मात्र मी डोळे मिटून राखाडी घेईन. दगडाशी त्याचं छान जमतं आणि सागवानी दारंही उठून दिसतात.

मग उजेड. उत्तरेच्या खोलीत ऊन क्वचितच येतं. येतो तो आभाळाचा निळसर उजेड. तिथे दोन्ही रंग आणखी थंड दिसतात, पण पावसाळ्यात राखाडी खोली अगदी मलूल होते. अशा खोलीला आकाशीच बरा, तोही शक्य तितका फिकट. पश्चिमेच्या खोलीत उलट आहे. दुपारनंतरच्या पिवळ्या उन्हात आकाशी हिरवट वाटू शकतो, तर राखाडीचा थंडपणा थोडा निवळतो.

संध्याकाळी ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळसर) पांढरीशुभ्र ट्यूब लावत असाल तर राखाडीच्या वाटेला जाऊ नका, किंवा दिवे ३००० ते ४००० केल्विनचे करा. दिवे बदलणं पुन्हा रंग काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

दोन्ही शेडचे छोटे नमुने आणा. पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन-दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या आणि पुठ्ठे फरशीला टेकवून उभे करा. सकाळी, चारच्या सुमाराला आणि दिवे लागल्यावर बघा. जुन्या भिंतीवर थेट लावलेला पट्टा शेजारच्या रंगामुळे फसवतो. शेडकार्डाच्या एकाच पट्टीवरच्या दोन छटांमध्ये अडकलात तर फिकी घ्या. चार भिंतींवर रंग कार्डापेक्षा गडद भासतो.

ठरलं की हॉलचा सगळा रंग एकदम मिसळून घ्या आणि डब्यावरच्या शेड कोडचा फोटो काढून ठेवा. पुढे टचअपला तो लागतो.