प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरचे व्यायाम: कोणता व्हिडिओ लावावा?

आमच्या भजनी मंडळातल्या दोघांची प्रोस्टेटची ऑपरेशनं माझ्यानंतर झाली, आणि दोघांनीही मला तेच विचारलं: व्यायाम कुठला व्हिडिओ लावून करू? फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून एकदाच लिहून काढतो. मी डॉक्टर नाही. बांबोळीला, गोव्याच्या सरकारी इस्पितळात, ओपीडीबाहेरच्या बाकावर बसून जे कानावर पडलं ते, आणि गेला अख्खा पावसाळा दिवसातून तीनदा सोप्यावर बसून जे केलं ते, एवढीच माझी पुंजी.

केगल व्यायाम म्हणजे लघवी आवरणारे खालचे स्नायू आवळायचे आणि सोडायचे, हे आता सगळ्यांना माहीत असतं. पण कुठल्या ऑपरेशननंतरचा व्हिडिओ आहे हे निम्मे व्हिडिओ सांगतच नाहीत. दुर्बिणीतून प्रोस्टेट ग्रंथीचा आतला भाग खरवडला असेल, म्हणजे टीयूआरपी, तर लघवी आवरणारी बाहेरची झडप शाबूत असते. त्रास असतो तो मुख्यतः घाईचा, आणि तो काही आठवड्यांत बहुधा ओसरतो. माझ्यासारखी कॅन्सरपायी अख्खी ग्रंथी काढली असेल तर मूत्राशयाच्या तोंडाशी लघवी आवरणारी सोयही तिच्याबरोबर जाते. मग सगळा भार बाहेरच्या झडपेवर आणि खालच्या स्नायूंवर. खोकलं की गळते, खुर्चीतून उठलं की गळते. पुढचं सगळं मी या दुसऱ्यांसाठी लिहितो आहे.

मी आलटून पालटून तीन तऱ्हेचे व्हिडिओ बघितले.

मराठीतले आधी उरकतो. डॉक्टर टेबलामागे बसून बोलतात, भाषा आपली, समजावणं प्रेमळ. ग्रंथी कुठे असते, लघवीची नळी का ठेवतात, गळती किती दिवस चालेल, हे सगळं बायकोला आणि सुनेला दाखवायला याहून चांगलं काही नाही. आमच्या घरी मी लाजत होतो ते बोलणं एका व्हिडिओने परस्पर करून टाकलं. पण व्यायाम? 'केगल रोज करा' एवढं सांगून डॉक्टर नमस्कार करतात. कसा करायचा ते मी पाहिलेल्यांत तरी कोणी करून दाखवलं नाही.

हिंदीतले योगवाले त्याच्या अगदी उलट. करून दाखवतात, रोज दाखवतात, उत्साह ओसंडून वाहतो. मूलबंध, अश्विनी मुद्रा हे शब्द आपल्या कानाला परके नाहीत, त्यामुळे मीही भरवशाने तिथूनच सुरुवात केली. तीन आठवडे केलं. पहिली खटकलेली गोष्ट म्हणजे श्वास. 'सांस रोको, पेट अंदर' म्हणतात; पोटावर टाके ताजे असताना ते मला काही झेपेना, आणि श्वास कोंडून जोर केला की दाब खालीच जातो, म्हणजे जे थांबवायचं तेच बाहेर. दुसरी गोष्ट मला नंतर कळली. अश्विनी मुद्रेत सांगतात गुदद्वार आवळा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१६ साली मोजक्या पुरुषांवर अल्ट्रासाउंड लावून पाहिलं, तर 'गुदद्वार आवळा' म्हटलं की मागचाच स्नायू जास्त काम करतो, आणि 'लिंग आत ओढून आखूड करा' म्हटलं की पुढची, आपल्याला हवी ती झडप नीट आवळते. म्हणजे माझी मेहनत खरी होती, पण चुकीच्या दाराला कडी लावण्यात चालली होती.

हेही मी चालवून घेतलं असतं. मन उडालं ते तिसऱ्याच गोष्टीमुळे. ते सोडायला सांगत नाहीत. 'खींचो, खींचो, और खींचो', आणि लगेच 'फिर से'. मधे सैल पडायला वेळच नाही. मी हट्टाने त्यांच्या वेगाने करत राहिलो. सकाळी बरं असायचं, आणि संध्याकाळी दिवेलागणीला पॅडचा नुसता चिखल. मला वाटायचं व्यायाम कमी पडतो, म्हणून रात्री आणखी एक फेरी. शेवटी एका फिजिओबाईंनी विचारलं, "काका, आवळता ते कळलं. सोडता कधी?" स्नायू दिवसभर ताणलेला राहिला तर संध्याकाळी थकून हात टेकणारच.

मी मंडळात पखवाज वाजवतो, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला चटकन पटलं. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत चार भरीच्या म्हणजे जोराच्या, चार खालीच्या म्हणजे मोकळ्या. खाली काढून टाकली तर ठेका राहत नाही, नुसती बडवाबडवी राहते. (योगशास्त्राचा यात दोष नाही. गुरुसमोर बसून शिकणाऱ्याला गुरू सोडायलाही शिकवत असेल. घाई व्हिडिओची आहे.)

तिसरी तऱ्हा परदेशी फिजिओंची, त्यातही ऑस्ट्रेलियातल्यांची. माझा कल कुठे आहे ते लपवण्यात अर्थ नाही, तरी यांच्याही कागाळ्या आहेत. उच्चार कळायला दोन दिवस जातात. नातवाने खाली अक्षरं सुरू करून दिली तेव्हा कुठे जमलं. सुरुवातीचं पुराण लांब. उदाहरणं गोल्फची. संगीत नाही, दृश्य नाही, एक माणूस खुर्चीत बसलेला आणि हातात प्लास्टिकचा कटीभागाचा सापळा. आमची सौ. म्हणाली, बातम्या बऱ्या.

पण तो माणूस मोजतो. आवळा, पाच. सोडा, पाच. सोडतानाही आकडे मोठ्याने म्हणतो, आणि पूर्ण सैल झालात ना, असं विचारून थांबतो. श्वास चालू ठेवा, कुल्ले आवळू नका, मांड्या आवळू नका. आरशासमोर उभे राहा, नीट जमलं तर वृषण किंचित वर उचललेले दिसतील. यांची एक म्हणच आहे, 'नट्स टू गट्स', त्याचं भाषांतर मी इथे करत नाही. माझ्यापुरतं मी असं समजून घेतलं: पहाटे झरीच्या गार पाण्यात उतरताना पाणी मांड्यांच्या वर आलं की आपोआप जे आत घेतलं जातं, तेच. शिवाय खोकला येण्याआधी, उठण्याआधी क्षणभर आवळून धरायचं, ही त्यांची युक्ती मला सगळ्यात कामाला आली. आणि नळी आत असताना हे व्यायाम करू नका, हे ते पहिल्याच मिनिटाला सांगतात. एका हिंदी व्हिडिओत ते शेवटी, सबस्क्राइब करा म्हणून झाल्यावर आलं.

गंमत अशी की केगल हे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ. १९४८ साली त्यांनी हे व्यायाम मांडले ते बाळंतिणींसाठी. त्यामुळे शोधायला गेलात तर निम्मे व्हिडिओ बायकांचे निघतात. आपण 'प्रोस्टेटेक्टमी', म्हणजे प्रोस्टेट काढण्याचं ऑपरेशन, हा शब्द जोडून शोधावा. उरलेल्या निम्म्यांमुळे फोनवर मर्दानी ताकदीच्या जाहिराती सुरू होतात. माझा फोन आठवडाभर घरात कोणाच्या हाती देण्याजोगा राहिला नव्हता.

माझे पॅड दिवसाला चारवरून एकावर आले, ते सोडायला शिकल्यानंतरच्या दोन महिन्यांत. ते व्हिडिओमुळे, की तेवढा काळ उलटला म्हणून, हे मी छातीठोक सांगणार नाही; हळूहळू सुधारणा तशीही होत असते, काहींना वर्ष लागतं. आणि कुठलाही व्हिडिओ तुमच्याकडे बघत नसतो. मी कुल्ले आवळत होतो हे स्क्रीनवरच्या कोणाला कळलं नसतं, फिजिओबाईंना ते दोन मिनिटांत कळलं. जमलं तर एकदा तरी कोणाला तरी दाखवा, मग घरी व्हिडिओ लावा.

आता मला व्हिडिओ लागत नाही. कदंबच्या बसमध्ये खिडकीशी बसून मनात ठेका धरतो, एक आवर्तन आवळून, एक सोडून. शेजारच्याला पत्ता नसतो. साखळीच्या आमच्या टाळकऱ्याला मात्र ऑस्ट्रेलियावाल्याचाच दुवा पाठवला आहे, आणि खाली लिहिलं आहे: पहिली चार मिनिटं सोडून द्या, तिथे तो स्वतःबद्दलच बोलतो.